वाढीव सहाशे की ठरलेली तारीख?

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्याला एका अंगाने प्राणहिता आणि गोदावरी, दुसऱ्या अंगाने इंद्रावती. पहिल्या दोन नद्यांपलीकडे तेलंगणा, तिसरीपलीकडे छत्तीसगड. घरात तेलुगू, झिंगानूरकडच्या डोंगरात माडिया, शाळेत आणि तहसीलमध्ये मराठी, आणि सोयरीक तिन्ही राज्यांत. त्यामुळे सरकारने बाईच्या खात्यात थेट पैसे टाकावेत की नाही, हा मुंबईत तावातावाने चर्चिला जाणारा प्रश्न इथे एका कुटुंबातल्या तीन बहिणींत सुटा करून पाहता येतो. भोपालपट्टणमकडे दिलेल्या विवाहित बहिणीला मार्च २०२४ पासून छत्तीसगडच्या महतारी वंदन योजनेचे महिना हजार रुपये मिळू लागले. सिरोंच्यात राहिलेलीला ऑगस्ट २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दीड हजार. गोदावरीपलीकडे दिलेलीला २०२३ च्या निवडणुकीत अडीच हजारांचे आश्वासन ऐकायला मिळाले आणि त्याच डिसेंबरपासून एसटीसारख्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. तिच्या नवऱ्याच्या नावावर शेत असेल तर २०१८ पासून त्याला एकरी मदत येते. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला त्या मदतीतून मात्र काही नाही.

या तिघींपैकी सिरोंच्यातल्या बहिणीचा विचार इथे करायचा आहे, आणि तोही एका मर्यादित प्रश्नापुरता. महिन्याला येणाऱ्या दीड हजारातून तिचे एखादे छोटे दुकान, शेळ्यांचा कळप, शिलाईचे काम, बाजारातला सुक्या मासळीचा ठेला उभा राहू शकतो का? राहत असेल तर कशाच्या बळावर, आणि राहत नसेल तर कुठे अडते?

दोन टोकांची उत्तरे तयारच आहेत. एक म्हणते, सरकारने बायकांना उद्योजक बनवले. दुसरे म्हणते, ही निवडणुकीची खिरापत आहे, तिच्यातून आळस वाढेल, शेतीला मजूर मिळणार नाही. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण दोन्हींत सिरोंच्यातले वर्ष कसे जाते याचा हिशेब नाही.

तो हिशेब आधी मांडू. कापूस-मिरचीची मजुरी हिवाळ्यापासून सुरू होते. जानेवारी ते एप्रिल मिरची तोडणीचा हंगाम. नदीकाठच्या शिवारात काम मिळतेच, पण जिल्ह्यातून हजारो मजूर तोडणीसाठी तेलंगणात जातात, अनेकदा लेकरांसह, शाळा बुडवून. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. तेंदूचे पंधरा-वीस दिवस म्हणजे अनेक घरांसाठी वर्षातली सर्वात मोठी रोख कमाई. त्यानंतर पाऊस. धानाच्या रोवणीची मजुरी संपली की ऑगस्ट-सप्टेंबरात घरात रोख नावाची गोष्ट उरत नाही. नाले भरतात, आतली गावे तुटतात, ताप-हिवतापाचे दिवस येतात, आणि नेमक्या याच काळात दुकानदाराची उधारी आणि व्यापाऱ्याची उचल सुरू होते. पावसाळ्यातली ही उपासमार सरकारलाही जुनीच ठाऊक आहे. आदिवासी विकास विभागाची खावटी कर्ज योजना तिच्यासाठीच होती, आणि २०२० च्या कोरोना वर्षी तीच खावटी चार हजार रुपयांचे अनुदान म्हणून मंजूर झाली, निम्मे खात्यात आणि निम्मे वस्तूंच्या रूपात.

महिन्याच्या दीड हजारांची पहिली कामगिरी इथे आहे. ते पावसाळ्यातही येतात. ज्या बाईला सप्टेंबरात मीठ-तेल, औषध आणि वहीपेनासाठी उचल घ्यावी लागत नाही, तिला जानेवारीत ती उचल मजुरीतून फेडावी लागत नाही. धंद्याच्या चर्चेत ही गोष्ट दुय्यम मानली जाते. माझ्या मते पाया हाच आहे. खेड्यातले बहुतेक छोटे धंदे गिऱ्हाईक नसल्याने जितके बुडतात तितकेच भांडवल खाऊन टाकल्याने बुडतात. मूल आजारी पडले की शेळी विकली जाते, शाळा सुरू झाली की दुकानातला माल उधारीत निघून जातो. घरखर्चाला वेगळी, नेमाने येणारी रक्कम असेल तर धंद्याचे भांडवल धंद्यात राहते. मध्य प्रदेशात २०११ च्या सुमारास सेवा या महिला संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने काही गावांत प्रत्येक प्रौढाला आणि मुलाला दरमहा थोडी बिनशर्त रोख दिली होती. सुरुवातीला प्रौढाला दोनशे रुपये, मुलाला शंभर. एवढ्याशा रकमेवरही लोक घरी बसले नाहीत. दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी होऊन स्वतःच्या शेतातले आणि स्वतःचे काम वाढले, असे त्या अभ्यासात आढळले. मजूर मिळत नाही ही मोठ्या शेतकऱ्याची तक्रार त्यामुळे पूर्ण खोटी नाही. पण त्या तक्रारीचा अर्थ आळस असा लावणे चूक आहे. ज्याला नाही म्हणता येते त्याला मजुरी वाढवून मागता येते, एवढाच तिचा अर्थ.

आता दुसरी बाजू. दीड हजार हे भांडवल नव्हे. वर्षाचे अठरा हजार होतात हे खरे, पण ते अठरा हजार म्हणून कधीच हातात येत नाहीत. समजा, अंकिशातल्या एखाद्या बाईला शिलाई यंत्र घ्यायचे आहे, किंवा आसरअल्लीतल्या एखादीला दोन शेळ्या. दोन्हींना एकदम काही हजार लागतात. महिन्याचे दीड हजार गल्ल्यात टाकत सहा महिने थांबायचे म्हटले तर त्या सहा महिन्यांत घरात एकही आजार, एकही लग्न, एकही मरण होता कामा नये. गरिबाच्या घरात साठवलेली रोख सर्वांना दिसते आणि सर्वांची होते. म्हणून खेड्यातल्या बायका रोख घरात न ठेवता भिशीत टाकतात, बचत गटात टाकतात. दहा जणींनी पाचशे-पाचशे घातले तर दर महिन्याला एकीच्या हातात पाच हजार पडतात. गणित लहान मुलाला समजेल असे आहे, पण धंद्याची सुरुवात त्याच गणितातून होते.

केनियात याच प्रश्नावर जगातला बहुधा सर्वात मोठा प्रयोग चालू आहे. गिव्हडायरेक्टली या संस्थेने तिथल्या शेकडो गावांची विभागणी केली. काही गावांतल्या प्रौढांना दरमहा सुमारे साडेबावीस डॉलर, तेही बारा वर्षे मिळतील असे सांगून. काहींना तेवढेच, पण फक्त दोन वर्षे. काहींना दोन वर्षांची रक्कम एकदम, सुमारे पाचशे डॉलर. अभिजित बॅनर्जी, तवनीत सुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. एकरकमी पैसे मिळालेल्या गावांत छोटे धंदे वाढले, हे अपेक्षितच होते. विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. बारा वर्षांची खात्री मिळालेल्या गावांतही धंदे जवळपास तसेच वाढले. दोन वर्षांच्या मासिक रकमेत मात्र ती वाढ त्या मानाने मंद राहिली. रक्कम तीच, मिळायचीही दरमहाच, फरक फक्त खात्रीचा. बारा वर्षांचे वचन मिळालेल्या लोकांनी भिशीसारख्या गटांतून मासिक रकमेची एकरकमी रक्कम करून घेतली, कारण पुढचा हप्ता येणार हे प्रत्येकाला ठाऊक होते, आणि आपला नंबर लागेपर्यंत शेजारीण हप्ता भरत राहील असा विश्वास ठेवता येत होता.

या निष्कर्षाच्या उजेडात आपली योजना पाहिली की मन खट्टू होते. अजित पवार यांनी अर्थमंत्री म्हणून २८ जून २०२४ रोजी ती अर्थसंकल्पात मांडली, ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर पहिल्या दोन महिन्यांचे तीन हजार एकदम आले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे आचारसंहितेच्या आधी एकत्र दिले गेले. २०२५ चा फेब्रुवारीचा हप्ता फेब्रुवारीत आलाच नाही, महिला दिनाच्या सुमारास मार्चच्या हप्त्यासोबत आला. मधल्या काळात, निवडणुकीच्या प्रचारात, दीड हजारांचे २१०० रुपये करण्याचे आश्वासन दिले गेले. २०२५ च्या जूनपासून २६.३४ लाख खात्यांचे हप्ते अपात्रतेच्या संशयावरून थांबवल्याचे महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितले. सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली, तिची मुदत पुढे वाढवावी लागली. अपात्र लोकांना वगळू नये असे कुणी म्हणणार नाही. पुरुषांच्या खात्यांत हे पैसे गेले असतील तर ते वसूल झालेच पाहिजेत. पण हप्ता कधी येईल, येईल का, पुढच्या वर्षी यादीत नाव असेल का, हे कुणालाच माहीत नसते तेव्हा भिशी चालत नाही. बाई त्या पैशाचे नियोजन करत नाही, आले की खर्च करते. तो तिचा दोष नाही, तेच शहाणपणाचे आहे.

सिरोंच्यात ही अनिश्चितता दुप्पट होते. पलीकडच्या तीरावरून आलेल्या सुनेचा जन्म महाराष्ट्रातला नसतो. शासनाने तिच्यासाठी नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल असे सुरुवातीलाच ठरवले, हे योग्य झाले. नंतरच्या ई-केवायसीत मात्र नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्याच्याशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागू लागला. नवरा मिरचीच्या कामावर पलीकडच्या राज्यात, वडील तिसऱ्याच राज्यात, गावात नेटवर्क कधी येते कधी नाही. विधवेने आणि सोडून दिलेल्या बाईने कुणाचा आधार आणायचा, हा प्रश्न राज्यभर उठला आणि त्यावर नंतर सवलत द्यावी लागली. योजना आखताना सिरोंच्याची बाई डोळ्यांपुढे असती तर तो आधीच सुटला असता.

आता खर्चाच्या बाजूने मांडला जाणारा आक्षेप, आणि तो हलका नाही. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात या एका योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट सुमारे ४५,८९१ कोटींची दाखवली होती आणि राज्यावरचे कर्ज नऊ लाख कोटींपलीकडे गेले होते. मे २०२५ मध्ये आपल्या खात्याचा निधी या योजनेकडे वळवल्याबद्दल सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी उघड नाराजी व्यक्त केली. आदिवासी विकास विभागाचा पैसाही असाच वळला. आदिवासी बहिणींनाच तो मिळतो, मग वळवला कसा, असा सरकारचा युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. वसतिगृह, आश्रमशाळा, रस्ता, दवाखाना ही कामे कुणा एका बाईच्या खात्यात पैसे टाकून होत नाहीत. आल्लापल्लीहून सिरोंच्याला येणारा रस्ता वर्षानुवर्षे ज्या अवस्थेत राहिला, तो रस्ता दीड हजार रुपयांनी दुरुस्त होत नाही. त्याच्या खराबीची किंमत मात्र आतल्या गावातली प्रत्येक दुकानदारीण भरते, कारण तिच्या मालाचे भाडे वाढते आणि विकायला नेलेली चिंच, चारोळी पडेल भावात जाते.

बाजाराचाही प्रश्न आहे. एका गावात तीन किराणा दुकाने उघडली तर नवा पैसा येत नाही, आहे तो वाटला जातो. केनियातल्याच दुसऱ्या एका अभ्यासात, गावात आलेल्या प्रत्येक रोख रुपयामागे स्थानिक उलाढाल अडीच रुपयांच्या आसपास वाढल्याचे दिसले होते. सिरोंच्यात तेवढे होईल असे मला वाटत नाही. पूल झाल्यापासून गोदावरीपलीकडचा बाजार जवळ आला, आणि सिरोंच्यातला रुपया एकदोन हातांतून फिरून पलीकडे निघून जाण्याची शक्यता मोठी. म्हणून इथल्या धंद्याची आशा किराण्यात कमी आणि जंगलाच्या मालात जास्त आहे. चारोळी फोडून विकणे, मोहफुले पावसाळ्यापर्यंत राखून ठेवणे, चिंचोके काढून चिंच विकणे, या कामांत साठवणुकीपुरते भांडवल हवे असते. मोहफूल एप्रिलमध्ये सर्वांकडे असते आणि तेव्हा भाव पडलेला असतो. ज्या घरात रोखीची निकड नाही तेच घर ते राखू शकते. इथे महिन्याची रक्कम थेट धंद्याच्या नफ्यात उतरते, कारण ती थांबण्याची ताकद देते. जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी वनहक्क मिळाल्यावर तेंदू आणि बांबूची विक्री स्वतःच्या हाती घेतली, मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून वाट दाखवली. ग्रामसभेचा सौदा आणि बाईच्या खात्यातली रोख यांची सांगड कुणी घालत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दारूचा मुद्दा इथे टाळता येत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती बायकांच्या चळवळीतून आली. तरी दारू मिळते, नदीपलीकडून येते, गावात गाळलीही जाते. बाईच्या खात्यातला पैसा नवऱ्याने काढून घेतला अशी उदाहरणे असणार, आणि त्यांच्याकडे डोळेझाक करू नये. पण निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र पाहिले तर रोख मिळाल्याने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असे आढळत नाही. नवऱ्याने पैसा काढून घेणे रोखायचे असेल तर तो बाईच्या खात्यात यावा, बँक मित्राकडे अंगठा तिनेच लावावा, आणि तिचा गट जिवंत असावा.

याच ठिकाणी योजनेतला एक अन्याय सांगतो. ज्या बाईला पीएम किसान आणि नमो शेतकरी महासन्मान निधीचे पैसे मिळतात, तिला लाडकी बहीणचे पूर्ण दीड हजार मिळत नाहीत, फरकाचे पाचशे मिळतात. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याला शेतकऱ्याचे वर्षाचे बारा हजार आणि तिला पूर्ण दीड हजार, दोन्ही मिळतात. म्हणजे जमीन बाईच्या नावावर झाली की घराचे नुकसान. बाईच्या नावावर सातबारा यावा म्हणून एकीकडे योजना काढायच्या आणि दुसरीकडे तो आल्याबद्दल कात्री लावायची, हे तातडीने थांबले पाहिजे. बँकेकडे कर्ज मागायला गेलेल्या बाईजवळ तो सातबाराच तर एकमेव कागद असतो.

कर्जाबद्दल. हप्त्याच्या भरवशावर बहिणींना तीस-चाळीस हजारांचे कर्ज द्यावे आणि त्याची फेड या दीड हजारांतूनच कापून घ्यावी, अशी कल्पना अजित पवार यांनी २०२५ मध्ये बोलून दाखवली होती. एकरकमी भांडवलाची अडचण तिने सुटते, म्हणून ती मोहक आहे. मला ती धोक्याची वाटते. घरखर्चाचा जो आधार आहे तोच गहाण पडला तर शेळी मेल्यावर बाईकडे ना शेळी ना दीड हजार. आणि सरकारने मध्येच तिला अपात्र ठरवले तर कर्ज कुणी फेडायचे? विदर्भातल्या खेड्यांनी गटकर्जाच्या आठवड्याच्या वसुलीचे हाल पाहिलेले आहेत. त्यात आणखी एक वसुली नको.

यापेक्षा बरी वाट आपल्याकडे आधीच अर्धी तयार आहे. राज्यात २०११ पासून उमेद अभियान चालू आहे, गडचिरोलीत त्याचे बचत गट गावोगाव आहेत, गटांना फिरता निधी मिळतो, अन्नप्रक्रियेचे काम करणाऱ्या गटाच्या सदस्याला केंद्राच्या योजनेतून चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवलाची सोय आहे. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादेत बंधन संस्थेने अतिगरीब बायकांना जनावर किंवा माल, काही काळ थोडी रोख आणि आठवड्याला घरी येऊन विचारपूस करणारी कार्यकर्ती असे तिन्ही एकत्र दिले होते. दहा वर्षांनी पाहिले तरी त्या घरांची कमाई आणि खाणे-पिणे इतरांपेक्षा वरच होते. तिथे नुसत्या रोखीवर काम झाले नव्हते. आपल्याकडे तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत पडून आहेत.

या सर्वांची तोलून-मापून जुळणी केली तर माझे मत असे. योजना बंद करू नये. तिने सिरोंच्यातल्या बाईला पावसाळ्यात उचलीपासून थोडे सोडवले आहे आणि तेवढ्यापुरते तिचे मोल मोठे आहे. पण २१०० ची घाई करू नये. एका महिन्याला सहाशे रुपये वाढवायला राज्याला वर्षाला हजारो कोटी लागतील, आणि त्यातून धंद्याला मिळेल ते फारच थोडे. त्याऐवजी दीड हजारच राहू द्यावेत, पण त्यांची तारीख कायद्याने ठरवावी, किमान पाच वर्षांची हमी द्यावी, आणि एकदा पात्र ठरलेल्या बाईला तिचे म्हणणे ऐकल्याशिवाय, लेखी कारण दिल्याशिवाय वगळू नये. २१०० च्या आश्वासनावर मत दिलेल्यांना हे आवडणार नाही. त्यांचा राग रास्त आहे, कारण वचन दिले गेले होते. तरीही दोन्हींपैकी एकच देता येत असेल तर हमी द्यावी, असे मी म्हणेन.

त्या जोडीला ज्या बाईची इच्छा असेल तिला वर्षाच्या अठरा हजारांपैकी काही भाग एकदम उचलण्याचा पर्याय असावा, पण व्याजाशिवाय, कर्ज म्हणून नाही, तिच्या गटाच्या ठरावाने, आणि निदान काही महिन्यांचे हप्ते घरखर्चासाठी मागे ठेवून. सहा महिन्यांची रक्कम एकदम आणि सहा महिने दरमहा, अशी विभागणी केली तरी शिलाई यंत्र येते आणि पावसाळ्याची खावटीही राहते. एकरकमी रक्कम द्यायची ती तेंदूच्या हंगामाआधी, मार्चमध्ये, म्हणजे मोहफूल राखता येईल. पैसे पावसाळ्यात संपतील असे वाटणाऱ्या बाईचे ते न उचलण्याचे स्वातंत्र्यही तितकेच जपावे. हे आधी सगळ्या राज्यात करायची गरज नाही. सिरोंचा, अहेरी आणि एटापल्ली या तीन तालुक्यांतल्या ज्या गावांत ग्रामसभा आणि बचत गट दोन्ही चालते आहेत, तिथे तीन वर्षे करून पाहावे, निम्म्या गावांत हा पर्याय द्यावा आणि निम्म्यांत आहे तसेच चालू ठेवावे, आणि काय झाले ते आदिवासी विकास विभागाने नव्हे, तर बाहेरच्या कुणीतरी मोजून विधिमंडळात मांडावे.